शब्द कोणी निवडायचा? : 'अपंग' ते 'दिव्यांग'



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांविषयी बोलतो. आज एका शब्दावरून झालेल्या वादाविषयी बोलू. त्याला कारण माझीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या मेळाव्यात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आमच्या पलटणीतल्या एका हवालदारांचा पाय सुरुंगात गेला होता. मी त्यांची ओळख 'आपले दिव्यांग बांधव' अशी करून दिली. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी ते म्हणाले, "साहेब, पाय सुरुंगाने नेला. त्यात दिव्य काय? नुसतं हवालदार म्हणाला असतात तरी चाललं असतं." मी मान दिला असं मला वाटत होतं. त्यानंतर मी या शब्दांचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात आपल्या राज्यघटनेपासून करू. सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या नवव्या नोंदीत, अपंग आणि कामावर ठेवता न येणारे लोक एकत्रच येतात, तेही मदत द्यायच्या यादीत. म्हणजे १९५० साली सरकारदरबारी ही माणसं मदतीपुरतीच होती.

आता अमेरिकेत जाऊ. १९७४ साली ओरेगन राज्यातल्या सेलम शहरात बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांनी स्वतःची परिषद भरवायचं ठरवलं. लोक आपल्याला आधी मतिमंद म्हणून ओळखतात, माणूस म्हणून नंतर, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी चळवळीला नाव दिलं 'पीपल फर्स्ट', म्हणजे आम्ही आधी माणसं. हा विचार पुढे कायद्यात उतरला. मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या अमेरिकी कायद्याच्या नावात 'हँडिकॅप्ड' शब्द होता, तो १९९० मध्ये गेला. आपल्या १९९५ च्या कायद्याचं इंग्रजी नावही 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज' असंच होतं. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तेच शब्द आले आणि भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली.

पण सगळ्यांना हे पटलं नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने ठराव करून ही पद्धत नाकारली. आम्ही अंध आहोत, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मग शब्द लपवायचा कशाला, असा त्यांचा सवाल होता. १९९९ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने लिहिलं की स्वमग्नता त्याच्यापासून वेगळी काढताच येत नाही. ब्रिटनमधले कार्यकर्ते तर मुद्दाम 'डिसेबल्ड पीपल' म्हणतात. जिने, दरवाजे, नियम यांनी समाजच माणसाला अडवतो, हे त्यांना त्या शब्दातून सांगायचं असतं.

आपल्याकडे २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' शब्द सुचवला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याचं इंग्रजी नाव जुन्या वळणाचंच राहिलं, हिंदीत मात्र 'दिव्यांगजन' आलं. अनेकांनी तो शब्द आनंदाने स्वीकारला. अनेक संघटनांनी विरोध केला. देवत्व नको, रॅम्प द्या, नोकरी द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

मराठीत आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत 'पर्सन' शब्द आधी आणता येतो. आपण 'अपंगत्व असलेली व्यक्ती' म्हणतो तेव्हा व्यक्ती शेवटीच येते! व्याकरणच तसं आहे. आपल्या भाषेत मान दिसतो तो क्रियापदात. 'तो आंधळा आला' आणि 'ते अंध गृहस्थ आले' यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो.

आता मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. त्यांची ओळख करून देताना कुठलं विशेषण लागतं? सैनिक आणि जलतरणपटू, एवढं पुरे.

सेलमच्या लोकांनी एक शब्द निवडला, अंध महासंघाने दुसरा. दोघांचेही शब्द त्यांचे स्वतःचे होते. माझं चुकलं ते इथेच. हवालदारांना मी विचारलंच नव्हतं. पुढच्या मेळाव्यात मी आधी विचारलं आणि त्यांनी सांगितलं तसंच, नाव आणि हुद्दा घेऊन, त्यांना व्यासपीठावर बोलावलं. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, रॅम्प नव्हता. ते काम अजून बाकी आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!