तळटीपेतला पत्ता

काही वर्षांपूर्वी इंदापूर परगण्यातील वतनांविषयी लिहिलेला एक निबंध मी एका संशोधनविषयक नियतकालिकाकडे पाठविला होता. तो परत आला. ‘संदर्भ विहित पद्धतीने दिलेले नाहीत’ असा शेरा होता आणि सोबत नियमावली. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग कंसात प्रकाशनवर्ष, ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत वगैरे. स्वल्पविरामांसाठी संशोधन अडावे याचा मला रागच आला. मात्र एका तळटीपेसमोर परीक्षकांनी पेन्सिलीने निराळेच प्रश्नचिन्ह काढले होते. ती तळटीप एवढीच होती : ‘खासगी संग्रह, लासुर्णे.’

बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत लासुर्णे लागते. तिथल्या एका जुन्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत, मी एक मोडी कागद पाहिला होता. चार ओळी वहीत उतरवून घेतल्या. तिथी, शक, मोर्तब यांची नोंद ‘पुढच्या खेपेस’ करायची म्हणून राहून गेली. प्रश्नचिन्हाचे निराकरण करावे म्हणून पुन्हा गेलो, तेव्हा घर पाडून तिथे स्लॅब पडला होता. ट्रंकेतल्या बऱ्याच कागदांना वाळवी लागली, उरलेले रद्दीत गेले, असे घरच्यांनी ओशाळून सांगितले. त्यांना दोष कसा द्यावा? कागद मी पाहिला होता हे खरे. पण वाचकाने ते केवळ माझ्या शब्दावर मानावे, अशी आता स्थिती होती.

आपल्या इतिहासलेखनात ही स्थिती नवी नाही. जेम्स ग्रँट डफ हा 1818 ते 1822 या काळात साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता. बखरी, सनदा, घराण्यांतील टिपणे जमवून त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या निष्कर्षांविषयी मतभेद असोत, तळटीपांच्या बाबतीत तो दक्ष होता. ज्या हस्तलिखितांचा आधार घेतला त्यांपैकी अनेकांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे तो नमूद करतो. हीच संस्था पुढे एशियाटिक सोसायटी झाली. म्हणजे डफने पत्ता दिला होता. परंतु पुढच्या पिढीतील अभ्यासक त्या पत्त्यावर गेले तेव्हा नकला सापडल्या नाहीत. मग डफने कागद जाळविले अशी वदंता पसरली. ती खरी मानण्याचे कारण नाही. पण आधार नाहीसा झाला की त्याची जागा संशय घेतो, हे तिच्यावरून दिसते. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत डफच्या ग्रंथावर टीका लिहिली आणि मराठी माणसाने आपली साधने स्वतः तपासण्याची परंपरा सुरू झाली.

त्या परंपरेतला सर्वांत मोठा टप्पा म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण 22 खंड झाले. राजवाड्यांनी इतिहास लिहिण्याआधी पत्रेच छापली आणि प्रत्येक पत्राला लेखांक दिला. हा लेखांक दिसायला क्षुल्लक आहे. परंतु त्यामुळे वाड्यातला कागद सार्वजनिक झाला. तो वाडा कोसळला तरी खंड आणि लेखांक एवढ्या दोन आकड्यांवरून कोणालाही त्या पत्रापर्यंत जाता येते. 1910 मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही कागद एका घरच्या भरवशावर राहू नयेत हीच निकड होती.

अर्थात राजवाडेही या नियमाला अपवाद ठरले आहेत. 1909 मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे प्राचीनत्व हिरिरीने मांडले. ती मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. संहिता छापील आहे, संपादकाची विद्वत्ता निःसंशय आहे, तरीही पोथीच्या काळाविषयीचा वाद पोथी समोर ठेवून मिटविता येत नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दालाही कागदाची उणीव भरून काढता आलेली नाही.

हे ध्यानात घेतल्यावर मी ती नियमावली पुन्हा वाचली. काही बाबतींत ती आमच्या साधनांना पुरत नाही हे आजही माझे मत आहे. ‘(राजवाडे, 1898)’ असे कंसात लिहिले तर पत्र राजवाड्यांनी लिहिल्यासारखे वाटते. पानिपतच्या काळातला लेखक, त्याचे ठिकाण, त्याची तिथी, सारे दडून जाते. सभासद बखरीचे वर्ष कोणते द्यावे? ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस रचली गेली तेव्हाचे की छापील आवृत्तीचे? आणि नाव उलटे लिहिण्याच्या भरात आमच्या बारामतीच्या मोरोपंतांचे ‘पंत, मोरो’ झालेले मी उत्तरपत्रिकांत पाहिले आहे.

सर्वांत मोठा घोटाळा कालगणनेचा. शकात 78 मिळविले की इसवी सन मिळतो, असे आपण शिकवितो. परंतु पौषात इसवी सन पालटतो आणि त्यानंतरच्या तिथींना बहुधा 79 मिळवावे लागतात. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी शके 1551 फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. यांत्रिकपणे 78 मिळविले तर 1629 येते. खरे वर्ष 1630. शिवाय 19 फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन, पद्धतीची तारीख; ग्रेगोरियन पद्धतीने त्याच दिवशी 1 मार्च येते. म्हणून मूळ तिथी व शक जसेच्या तसे लिहावे, इसवी तारीख त्यापुढे कंसात द्यावी आणि ती कोणत्या पद्धतीची हे एकदा सांगावे. मृगापासून पालटणारा शुहूर सन आणि 1674 पासूनचा राज्याभिषेक शक यांनाही हेच लागू आहे.

छापील पत्राचा संदर्भ देताना मी आता आधी पत्रलेखक, कोणास लिहिले, तिथी व शक देतो. मग संपादक, ग्रंथ, खंड, लेखांक, आवृत्तीचे वर्ष. पृष्ठांक शेवटी, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठे बदलतात, लेखांक बहुधा टिकतो. दुसऱ्याच्या पुस्तकावरून घेतलेले अवतरण असेल तर तसे उघड म्हणतो. अप्रकाशित कागदासाठी घर, गाव, पाहिल्याचा दिवस आणि छायाचित्र कुठे ठेवले आहे ते. यात स्वल्पविराम कुठे पडतो हे नियतकालिकाने ठरवावे; त्याविषयी माझी आता तक्रार नाही.

निबंध वर्षभराने छापून आला. त्यात लासुर्ण्याच्या कागदावर उभे असलेले वाक्य नाही. ते त्या निबंधातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते, आणि बहुधा खरेही होते. पण वहीतल्या माझ्या चार ओळींखेरीज त्याला आता कुठेही आधार उरलेला नाही. त्या ओळी मी जपून ठेवल्या आहेत. त्यांखाली ‘मूळ पाहावयास मिळत नाही’ अशी नोंद केली आहे. एखाद्या दप्तरात त्या कागदाची नक्कल निघाली, तर ते वाक्य परत येईल. तोवर माझ्या विद्यार्थ्यांना मी ती वही दाखवितो आणि तिथी टिपून घ्यायला सांगतो.