शिट्टी ते सिमकार्ड : आपल्या ले-आऊटच्या राखणीचा इतिहास

स्मरणिका समितीने मला विषय दिला, 'सोसायटीची सुरक्षा : काल आणि आज'. जुनी इतिवृत्ते माझ्याच कपाटात असल्यामुळे ही कामगिरी माझ्या वाट्याला येणार हे ठरलेलेच होते. पंचवीस वर्षांची पाने चाळताना एक गोष्ट लक्षात आली. रस्ता, पाणी आणि दिवे यांच्या खालोखाल सभेत सर्वाधिक वेळ गेला आहे तो एकाच प्रश्नावर, राखण कोणी करायची आणि पैसे कोणी द्यायचे.

सुरुवातीला राखण म्हणजे गुरखा. तेव्हा घरे थोडी, प्लॉट मोकळे आणि काळ्या मातीत गुडघाभर गवत. नगरपालिकेची हद्द अलीकडे संपायची, आपली पिपरी ग्रामपंचायतीची, त्यामुळे पथदिव्यांचा प्रश्न कोणाचा यावरच दोन वर्षे गेली. गुरखा रात्री काठी आपटत आणि शिट्टी वाजवत फिरायचा, महिन्याला घरटी दहा रुपये आणि दिवाळीला वेगळे. शिट्टी ऐकू आली की बायाबापड्या कूस बदलून झोपत. काही सभासदांचे म्हणणे होते की शिट्टीने चोरालाही कळते गुरखा कुठे आहे. तो मुद्दा इतिवृत्तात नोंदवलेला आहे. त्यावर निर्णय झाल्याची नोंद मात्र नाही.

कॅमेऱ्याचा इतिहास आपल्या सोसायटीपेक्षा बराच जुना आहे. जर्मनीत १९४२ साली पीनेमुंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वॉल्टर ब्रुख या अभियंत्याने बंद वायरवरचे दूरचित्रण बसवले. घरासाठी कॅमेरा मात्र एका नर्सच्या डोक्यातून निघाला. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या बाईंच्या ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या, नवराही रात्री-अपरात्री बाहेर, आणि पोलीस बोलावले तरी लवकर येत नसत. म्हणून नवराबायकोने मिळून दाराला चार भोके, त्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि झोपायच्या खोलीत टीव्ही अशी योजना केली. दार दुरून उघडण्याचे बटणही त्यात होते. पेटंटचा अर्ज १९६६ चा, पेटंट मिळाले डिसेंबर १९६९ मध्ये. त्याच १९६९ साली आपल्या सेवाग्रामला मेडिकल कॉलेज सुरू झाले. सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्या आसपास राहतात. त्यांना ब्राऊनबाईंची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे गेटवर चार कॅमेरे आणि ऑफिसात डीव्हीआर बसला तो २०१२ साली. वायर छतावरून नेली, कारण जमिनीतून नेली की उन्हाळ्यात भेगा पडून आणि पावसाळ्यात माती फुगून ती ताणली जाते. छतावर माकडे. त्यांनी वायरला लोंबकळायचे ठरवले की पुढचे आठ दिवस गेट दिसायचे बंद. शिवाय भारनियमन. रात्रीची वीज गेली की डीव्हीआरही झोपायचा, आणि चोराला तर अंधारच हवा. अखेर २०१४ च्या सभेत इन्व्हर्टर मंजूर झाला.

पण तो सगळा कारभार ऑफिसच्या पडद्यापुरता होता. बाहेरगावी असलेल्या सभासदाला आपले घर दिसावे ही मागणी नंतरची, आणि ती आली मुलांकडून. आपल्या बेचाळीस घरांपैकी सतरा घरांत आज फक्त म्हातारी माणसे आहेत. मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला, दोघे-तिघे परदेशात. इंटरनेटची वायर घेतली, तर नालीच्या खोदकामात ती वर्षातून तीनदा तुटायची. मग मोबाइल कंपन्यांनी सिमवर चालणारे घरगुती इंटरनेट आणले. देशात ५जी सुरू झाले १ ऑक्टोबर २०२२ रोजी. पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केले. मग अशा सेवा हळूहळू आपल्यासारख्या गावांकडे सरकल्या. गच्चीवर एक डबा, घरात राऊटर, खोदकाम नाही. पोरांना वाटले, झाले काम.

काम झाले नाही. पहिली अडचण किरकोळ होती. स्वस्त कॅमेऱ्यांना वायफायची फक्त २.४ गिगाहर्ट्झची जुनी पट्टी कळते, आणि नवे राऊटर जुनी-नवी दोन्ही पट्ट्या एकाच नावाखाली दाखवतात. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली की कॅमेरा जोडला जातो. दुसरी अडचण मोठी. शेजारच्या मुलाने जुन्या डीव्हीआरला नवा राऊटर जोडला आणि हैराण होऊन माझ्याकडे आला. "काका, घरात रायलो की दिसते, बाहेर गेलो की गायब. काहून?"

त्याचे उत्तर मी त्याला बँकेच्या भाषेत दिले. शाखेत बाहेरचा नंबर एक आणि आत एक्स्टेन्शन तीस. आतून कोणीही बाहेर फोन लावू शकतो, पण बाहेरच्याला थेट कॅशियरच्या टेबलावर फोन लावता येत नाही. मोबाइल कंपनी हेच अख्ख्या शहराच्या प्रमाणात करते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून कंपनी एकेका पत्त्यामागे शेकडो घरे बसवते. आपल्या घराला स्वतःचा असा पत्ताच नसतो, मग बाहेरून हाक मारणार कोणाला? नव्या पद्धतीचे पत्ते मुबलक आहेत, पण आपल्या २०१२ च्या डीव्हीआरला ते वाचता येत नाहीत.

कॅमेरे बनवणाऱ्यांनी यावर तोड काढली. कॅमेरा स्वतःच बाहेर, कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो आणि लाइन धरून ठेवतो. हैदराबादचा मुलगाही त्याच सर्व्हरला फोन लावतो. सर्व्हर दोघांना जोडून देतो. माझ्या वयाच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल, कारण हा आपला जुना ट्रंक कॉल आहे. नंबर बुक करा, एक्स्चेंजमधली ऑपरेटर दोन्ही टोके जोडणार, आणि मनात आणले तर ऐकणारही. १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी सुरू झाली तेव्हा ही मधली ऑपरेटर देशात पहिल्यांदा बाजूला झाली. पासष्ट वर्षांनी आपण आपल्या बैठकीच्या खोलीचे चित्र घेऊन पुन्हा तिच्याच दारात उभे आहोत, आणि या वेळी ती कोणत्या देशात बसली आहे हे खोक्यावर छापलेले नसते. सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दफ्तरातला टेलिफोन आपण सर्वांनी पाहिला आहे. व्हाईसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून सरकारने तो बसवला होता. ती लाइन सरकारची आहे हे तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. आपल्या ॲपबद्दल तेवढीही माहिती आपल्याला नसते.

भीती काल्पनिक नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पडले. हल्ल्यामागे 'मिराई' नावाचा प्रोग्राम होता, आणि त्याने हाताशी धरलेली फौज म्हणजे कारखान्यातला पासवर्ड कधी न बदललेले घरगुती कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या चित्रफिती इंटरनेटवर विकल्या जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचेही होते. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली, हे ठीकच. पण आपल्या भिंतीवर आधीच ठोकलेले कॅमेरे कोण तपासणार?

खर्चाचाही हिशेब मांडतो, सवय आहे. एक कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने अखंड चित्र पाठवू लागला तर दिवसाला १०.८ जीबी, महिन्याला साधारण ३२४ जीबी. चार कॅमेरे म्हणजे तेराशे. अशा जोडण्यांना बहुधा हजार जीबीची मर्यादा असते, म्हणजे तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी वेग बसतो. चित्र कॅमेऱ्यातल्या कार्डावर साठवावे आणि बाहेरून हवे तेव्हाच पाहावे, हे परवडते.

आता जरा नाजूक विषय. मागच्या गल्लीतल्या एका आजींच्या घरी मुलाने बैठकीत कॅमेरा लावला. आठवड्याने त्याला पुण्याला नुसता पांढरा पडदा दिसू लागला. कंपनीला फोन झाले, राऊटर बदलायचे ठरले. मी पाहायला गेलो तर कॅमेऱ्यावर टॉवेल. आजी म्हणाल्या, "पोरगा रोज फोन करते, मी बोलतो त्याच्यासंग. मंग हा डोया कायले? मले लुगडं नेसाले लाज वाटते." त्यानंतर एका रात्री वीज गेली, राऊटर बंद, आजी फोन उचलेनात, आणि मुलगा तिकडे कासावीस. ॲपवर 'ऑफलाइन' एवढेच. त्याने साडेअकराला मला उठवले. मी आणि समोरचे गुरुजी टॉर्च घेऊन गेलो. आजी गच्चीवर गार हवेला झोपल्या होत्या, फोन खाली चार्जिंगला. तिथूनच त्यांनी मुलाला चार शब्द सुनावले. पुढे मायलेकांत तह झाला. कॅमेरा बैठकीतून निघून फाटकावर गेला आणि राऊटरला छोटा यूपीएस बसला. आजींनी आमचे दोघांचे नंबर भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले.

फाटकावरच्या कॅमेऱ्यांचाही तंटा होतोच. एकाच्या कॅमेऱ्यात समोरच्यांचे अंगण येत होते, तिथे सुना-लेकी वाळवण घालतात. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, हे सभेत वाचून दाखवण्यात आले. प्रत्यक्षात वाद मिटला तो इलेक्ट्रिशियनने शिडी लावून कॅमेरा चार बोटे खाली वळवल्यावर.

मागच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला, तो मंजूर झाला. बँकेत तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. एकट्याला उघडता येत नाही. तसाच सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड दोन भागांत आहे, अर्धा सचिवांकडे, अर्धा खजिनदारांकडे. चित्रण पाहायचे तर लेखी अर्ज, दोघे हजर आणि रजिस्टरवर सही. कॅमेऱ्यांसाठी राऊटरवर वेगळे नेटवर्क आहे, ऑफिसचा संगणक त्यावर नाही. काही तरुण सभासदांना हे फार सरकारी वाटते. वाटू द्या. रजिस्टरमध्ये आजवर सहा नोंदी आहेत : दोन सायकली, एक गॅस सिलिंडर, एक पाळीव कुत्रा, एक स्कूटीचा धक्का, आणि दिवाळीत कोणी कोणाच्या दारात सुतळी बॉम्ब लावला याची चौकशी. सायकलींपैकी एक सापडली. सिमचे रिचार्ज दर तीन महिन्यांनी संपते. पुढची तारीख ऑफिसच्या फळ्यावर लिहिलेली आहे.