सर्पगंधा आणि वहीतला आकडा

आमच्या येवल्यात सकाळ उजाडते ती मागाच्या खटखटीने. आमचे अण्णा पैठणी विणायचे. रक्तदाब वाढलाय, रोज गोळी घ्या, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. महिनाभर घेतली, मग सोडली. “काही दुखत नाही, तर औषध कशाला?” हा त्यांचा सवाल. एके दिवशी मागावरच उजवा हात लुळा पडला. त्या हाताने पुन्हा धोटा टाकला नाही. अण्णांच्या सवालाचं उत्तर शोधताना मला जो इतिहास सापडला, त्याचं एक मोठं पान आपल्या मुंबईत लिहिलं गेलं आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. सर्पदंशावर, निद्रानाशावर, वेडावर. तिने रक्तदाबही उतरतो, अशी नोंद १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी केली. पण जगाचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये. त्या वर्षी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. ५० रुग्णांचा औषधापूर्वीचा आणि नंतरचा दाब त्यांनी मोजून मांडला होता. परंपरेतली मुळी आकड्यांच्या कसोटीला उतरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दाब उतरल्याने माणूस वाचतो का, हा प्रश्न मात्र उरलाच होता. १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी त्याचा निकाल लावला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना रेसर्पिनसह खरी औषधं दिली, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. खरं औषध घेणाऱ्यांत गंभीर आघात फारच कमी झाले. अण्णांच्या सवालाचं उत्तर हेच होतं: गोळी दुखण्यासाठी नसतेच, पुढचा घाव टाळण्यासाठी असते.

रेसर्पिनने काहींना उदासीनता येई. नवी औषधं आली तसं ते मागे पडलं. (सर्पगंधा घरच्या घरी घेऊ नका, हे आवर्जून सांगतो.) नव्या गोळ्या स्वस्तही झाल्या, पण मधेच सोडून देणारे अण्णा गावोगाव होतेच. म्हणून २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे पहिले जिल्हे. सरकारी दवाखान्यात प्रत्येकाची नोंद ठेवायची, ठरल्या क्रमाने औषध द्यायचं, महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या आणि जो आला नाही त्याची चौकशी करायची, अशी ही साधी पद्धत. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिचा गौरव केला.

डॉ. वकिलांनी ५० जणांसाठी जे केलं, तेच आता आरोग्य केंद्रातली परिचारिका करते: मोजते आणि लिहून ठेवते. माझ्याही घरी आता एक वही आहे. अण्णांच्या वेळी ती नव्हती. तुमच्या घरी आहे का?