पेसमेकर बसवला, पण त्यातली नोंद कोण वाचणार?

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. नवापूर, नंदुरबारकडचे पेशंटही सुरत-भुसावळ लाईनची गाडी धरून हृदयाच्या उपचारासाठी इथेच येतात. मुंबई त्यांना लांब पडते. पेसमेकर सुरतेत बसतो, पेशंट गावी परततो आणि पुढची तपासणी राहून जाते. त्यात नेमकं काय हुकतं?

पेसमेकर मंद ठोके सावरतो, हे बहुतेकांना माहीत आहे. पण दोन वायरींच्या पेसमेकरची एक वायर हृदयाच्या वरच्या कप्प्यात असते आणि तिथल्या ठोक्यांवर तो पाळत ठेवतो. हा कप्पा अचानक वेगाने, वेडावाकडा फडफडू लागला, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनसारखं काही झालं, तर तारीख, वेळ आणि किती वेळ चाललं याची नोंद होते. पेशंटला बऱ्याचदा काही जाणवतही नाही. धोका असा, की फडफडणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि लकवा मारतो. (एकच वायर खालच्या कप्प्यात असेल, तर ही नोंद सहसा मिळत नाही.)

मी कॉमर्सवाला, त्यामुळे मला हे पासबुकासारखं वाटतं. व्यवहार झालेला असतो, पण बँकेत जाऊन एन्ट्री मारल्याशिवाय कळत नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'असर्ट' अभ्यासात ६५ वर्षांवरचे, बीपी असलेले २,५८० पेशंट होते. त्यांना आधी हा आजार नव्हता. तरी पहिल्या तीन महिन्यांतच साधारण दहा टक्क्यांच्या यंत्रात सहा मिनिटांपेक्षा लांब फडफड सापडली. अशांना लकव्याचा धोका सुमारे अडीचपट निघाला.

कोणाला होईल, याचा अंदाज वय, बीपी, डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, यावरून बांधतात. पेसमेकर ज्या 'सिक सायनस'साठी बसवतात, तो आजारही याच वाटेवरचा. आणखी एक कारण खुद्द यंत्रातलं : खालच्या कप्प्याला जितकं जास्त पेसिंग, तितकी शक्यता वाढते, असं २००३ च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. काही पेशंटमध्ये हे पेसिंग सेटिंग बदलून कमी करता येतं, तेही ऑपरेशनशिवाय.

नोंद सापडली म्हणून लगेच रक्त पातळ करणारी गोळी, असंही नाही. २०२३ मध्ये अशा पेशंटवरचे दोन मोठे अभ्यास आले. एकात एडोक्साबानने ठोस फायदा दिसला नाही. दुसऱ्यात एपिक्साबानने लकवे कमी झाले. रक्तस्राव मात्र दोन्हींत वाढला. फडफड किती तास टिकली, आधी लकवा झालाय का, हे पाहून डॉक्टर ठरवतात. स्वतःहून गोळी सुरू किंवा बंद करू नये.

तपासणी बसवल्यावर दोन-तीन महिन्यांत, मग साधारण सहा ते बारा महिन्यांनी होते. यंत्र ज्या कंपनीचं, तिचाच प्रोग्रॅमर लागतो. म्हणून गावाजवळ तपासणी करायची असेल, तर आधी फोन करून कंपनीचं नाव सांगा. पेसमेकरचं कार्ड आणि मागच्या तपासणीची प्रिंट सोबत न्या. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये, मुलाच्याही आणि सुनेच्याही.