कांडी मोडून दाखवा

सचोटीनं पोट भरत नाही, असं सातारा-सांगलीच्या पेठांत आज सर्रास ऐकू येतं. या मताची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. म्हणच आहे, बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. छोट्या दुकानदारापाशी जाहिरातीला पैसा नसतो. मग ‘आज शेवटचा दिवस’ हा फलक त्यानं महिनाभर ठेवला, दर चढवून त्यावर सूट दाखवली, तर बिघडलं काय? गिऱ्हाईक हुशार आहे, शिवाय माल तर चांगलाच आहे.

आधी हुशारीचं पाहू. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आलेला खरेदीदार वर्णन ऐकून भाव बोलत नाही. तो कांडी मोडतो, आतला रंग बघतो. तीच हळद दळून पाकिटात गेली की घरच्या बाईला मोडून पाहण्यासारखं काही उरत नाही. क्लृप्ती नेमकी तिच्यावर चालते. 2019 साली इस्लामपुरातून गाजलेल्या कडकनाथ प्रकरणात अंडी-पक्षी चढ्या दरानं परत घेण्याच्या हमीवर शेतकऱ्यांनी पैसे घातले आणि शेवटी फसवणुकीच्या तक्रारी नोंदवल्या. जनावर पारखणारी माणसं होती ती. पण पुढच्या वर्षीचा भाव कोण पारखणार? जिथे पारख करता येत नाही तिथेच क्लृप्ती पेरली जाते. तेव्हा गिऱ्हाइकाच्या हुशारीची सबब टिकत नाही.

माल चांगला असला की थोडं खोटं माफ, हा दुसरा आधार. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली आणि हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरची हळद सांगलीत येते, विकली जाते. तो चोख व्यापार आहे. पण तिच्यावर सांगलीचं नाव छापलं, तर ती कितीही उत्तम असो, इथल्या शेतकऱ्यांनी कमावलेल्या नावाचा मोबदला दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो.

उरला तिसरा आधार: खऱ्यानं छोटा माणूस तगत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. हा कारखाना गप्पही बसला नाही. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, आणि त्यातूनच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक घडलं. बोलावं लागतं हे म्हणीतलं म्हणणं खरंच आहे. खोटं बोलावं लागतं, असं ती म्हण सांगत नाही.

गिऱ्हाइकाला मालाच्या जवळ नेते ती युक्ती रास्त. कंदी पेढ्याचा तुकडा चवीला हातावर ठेवावा, अवजार शेतात चालवून दाखवावं, माल कुठला ते ठळक छापावं. खोटी मुदत, फुगवलेली मूळ किंमत, पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुती या गोष्टी गिऱ्हाइकाची नजर मालावरून हटवतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, पण कायदा पोचतो तो फसवणूक झाल्यावर. त्याआधी दुकानदारानं स्वतःला एकच प्रश्न विचारावा: विक्री झाल्यावर ही युक्ती मी याच गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो फलक आजच उतरवावा.