उन्हाळी शिबिरे : अंध आणि कर्णबधिर मुलांच्या सुटीचे काय?

एप्रिलमध्ये परीक्षा संपतात आणि शहरांतून उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणे, गिर्यारोहण, नाट्य, चित्रकला अशा अनेक शिबिरांतून पालक आपल्या मुलांसाठी निवड करतात. अंध आणि कर्णबधिर मुलांच्या वाट्याला ही निवड क्वचितच येते. यांतील अनेक मुले शहरातील निवासी विशेष शाळांत शिकतात. सुटी लागली, की शिरूर तालुक्यातील इनामगावसारख्या गावातून आलेले मूल घरी परतते. घरी माया असते; पण ब्रेल वाचणारे किंवा खुणांची भाषा जाणणारे सहसा कोणी नसते. इतरांना मोकळीक देणारी सुटी अशा मुलाला एकटे पाडते. म्हणूनच शिबिर ही त्याच्यासाठी निव्वळ करमणूक नसून संवाद टिकवण्याची गरज असते.

परंपरा

महाराष्ट्राला युवक शिबिरे नवी नाहीत. १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने सुटीतील शिबिरांतून तरुणांच्या अनेक पिढ्या घडवल्या. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणीची परंपरा सुरू केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही छावणी मे महिन्यात भरत आली आहे. सकाळी श्रमदान, दुपारी विचारवंतांशी संवाद आणि सायंकाळी गाणी-कार्यक्रम असा तिचा परिपाठ राहिला आहे.

छावणीमागे उभ्या असलेल्या आनंदवनाची सुरुवात १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेतून झाली. पुढे तेथे अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या. अपंगत्व आलेल्या माणसांनी शेती केली, माग चालवले, इमारती उभारल्या. छावणीनिमित्त आनंदवन पाहणाऱ्या शहरी तरुणाला तेथे दयेचा विषय भेटत नाही. काम करणारा माणूस भेटतो. शिबिराने साधायचे ते हेच.

स्वतंत्र की एकत्र?

अशा शिबिरांचे दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार केवळ अंध किंवा केवळ कर्णबधिर मुलांसाठीचा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५० मध्ये रोझ रेझ्निक या अंध शिक्षिकेने स्थापन केलेले एन्चांटेड हिल्स शिबिर हे त्याचे जुने उदाहरण. येथे मूल आपल्यासारख्याच मुलांत मिसळते, पांढरी काठी घेऊन वावरण्याचा सराव करते आणि अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांना जबाबदारीने काम करताना अनुभवते. कर्णबधिर मुलांना तर खुणांच्या भाषेत मनसोक्त गप्पा मारण्याची संधी मिळते.

दुसरा प्रकार सर्व मुलांच्या एकत्रित शिबिराचा. त्याचा लाभ दोन्ही बाजूंना होतो. मात्र पूर्वतयारीविना मूल दाखल करून घेतले, तर ते गर्दीतही एकटेच राहते. सगळे खेळत असताना त्याला सावलीत बसवून ठेवणे म्हणजे सहभाग नव्हे.

तयारी कोणती?

ही तयारी खर्चाची कमी आणि विचाराची अधिक आहे. अंध मुलांना पहिल्याच दिवशी परिसर पायाखालून घालावा. तंबू, भोजनाची जागा, पाणी आणि स्वच्छतागृह यांमध्ये दोर बांधावा; वाटेत सामान ठेवू नये. सोबत चालताना मुलाला ओढत नेऊ नये. त्याला सोबत्याचे कोपर धरू द्यावे.

कर्णबधिर मुलांशी समोरून, चेहऱ्यावर उजेड असताना बोलावे. अंधारात ओठ आणि हात दिसत नसल्याने शेकोटीभोवतीच्या गप्पांत ही मुले हमखास तुटतात. बोलणाऱ्यावर प्रकाश ठेवला, की हा प्रश्न बराचसा सुटतो. पोहताना श्रवणयंत्र काढावे लागते. त्यामुळे शिट्टीऐवजी झेंड्याची किंवा हाताची खूण आधी ठरवून द्यावी. घामापासून यंत्राचे रक्षण व्हावे म्हणून कोरडी डबी आणि जादा बॅटऱ्या जवळ असाव्यात. दृष्टी आणि श्रवण दोन्ही बाधित असलेल्या मुलासाठी स्पर्शाने संवाद साधू शकणारा स्वतंत्र सोबती आवश्यक असतो.

इनामगावचा धडा

सहलीची ठिकाणेही याच दृष्टीने निवडता येतात. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे, धान्याचे कोठार आणि पाटबंधाऱ्याच्या खुणा तेथे सापडल्या. तेथील जोर्वे पद्धतीची तांबडी भांडी इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारल्यास धातूसारखा नाद येतो. त्यांवर काळ्या रंगात नक्षी असते. अंध मुलाला नाद आणि आकार, तर कर्णबधिर मुलाला नक्षी असा एकच इतिहास दोन वाटांनी पोहोचू शकतो. त्यासाठी प्रतिकृती आणि घरांचे मातीचे नमुने वापरावेत. जागेवरील खापरे उचलू नयेत.

हक्काची बाजू

हा प्रश्न केवळ सदिच्छेचा नाही. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातील तिसाव्या कलमानुसार अपंग मुलांना खेळ, करमणूक आणि विरंगुळ्यात इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता आले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि क्रीडा यांसाठी तरतुदी आहेत.

नोंदणीपूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : मुलाशी कोण आणि कोणत्या भाषेत बोलणार, पाण्यात आणि रात्री सुरक्षिततेची काय व्यवस्था आहे, आणि कोणत्या उपक्रमातून त्याला वगळले जाणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्याही नाही’ असे आले, तर ते कसे साधणार, हेही अवश्य विचारावे.