पंक्तिभेद

वाचणाऱ्या घरांत एक पंगत ठरलेली असते. पाटावर पुस्तक, जरा अंतर राखून टीव्हीवरची मालिका आणि उंबऱ्याबाहेर व्हिडिओ गेम. वाचताना मन राबतं, पाहताना सुस्तावतं आणि खेळताना नुसते अंगठे चालतात, असं यामागचं म्हणणं. शिवाय गोष्ट जन्मते पुस्तकात, बाकी सगळं तिचं उष्टं. मी तिन्हींचा चाहता आहे आणि हा क्रम मला मान्य नाही.

पूर्वपक्ष ऐकायचाच तर पोलिश लेखक आंद्जेय सापकोव्स्की यांच्याकडून ऐकावा. पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्टची, म्हणजे 'विचर'ची, त्यांची पहिली कथा १९८६ साली 'फान्तास्तिका' मासिकात आली. पुढे कथासंग्रह आले, पाच कादंबऱ्या आल्या. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीनं त्यावर गेम करायचे हक्क मागितले, तेव्हा सापकोव्स्कींनी नफ्यातला वाटा नको म्हटलं आणि एकरकमी पैसे घेतले. गेममधून काही निघेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. २००७, २०११ आणि २०१५ असे तीन गेम आले. एकट्या तिसऱ्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या. २०१८ साली सापकोव्स्कींनी आणखी सहा कोटी झ्लॉटी मागितले आणि वर्षभरानं तडजोड झाली. तरीही पुस्तकांमुळे गेम चालले, गेममुळे पुस्तकं नव्हेत, हा त्यांचा हेका कायम. पोलंडपुरतं त्यात तथ्य आहे. तिथं गेराल्ट गेमच्या कितीतरी आधी लाडका झाला होता. पण त्यांचा पहिला इंग्रजी कथासंग्रह निघाला तोच २००७ साली, पहिला गेम आला त्या वर्षी. मी स्वतः गेराल्टला आधी खेळलो, मग वाचलं.

आता उष्ट्याची गोष्ट. हे गेम कादंबऱ्यांचं कथानक पुन्हा सांगतच नाहीत; कादंबऱ्या संपतात तिथून ते पुढे सुरू होतात. तिसऱ्या गेममध्ये एक दारुडा, बायकोला मारणारा सरदार भेटतो. त्या मारहाणीच्या काळात तिचा गर्भ पडलेला असतो, तो नीट पुरलेलाही नसतो, आणि त्याचं पिशाच झालेलं असतं. त्याला तलवारीनं संपवायचं, की बापाच्या हातांत देऊन, त्याचं नाव ठेवायला लावून, घराच्या उंबऱ्याखाली पुरायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. हा प्रसंग सापकोव्स्कींच्या एकाही पुस्तकात नाही. त्या रात्री मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो. अंगठे तर चालत नव्हते.

नेटफ्लिक्सच्या २०१९ च्या मालिकेची मात्र वकिली मी करणार नाही. तीन काळांची तिथं अशी सरमिसळ केली की मूळ कथांमधला तिरकस विनोद हरवून गेला. पण एका मालिकेच्या चुकीवरून माध्यमाची लायकी ठरत नाही, आणि त्याचा दाखला एका गेमवरच्या मालिकेतच सापडतो.

'द लास्ट ऑफ अस' हा २०१३ चा गेम, त्यावरची एचबीओची मालिका २०२३ ची. गेममध्ये बिल नावाचा तिरसट माणूस भेटतो. त्याचा जोडीदार फ्रँक मात्र फक्त मेलेला सापडतो, सोबत बिलविषयीच्या तिरस्कारानं भरलेली चिठ्ठी. मालिकेनं तिसरा भाग जवळजवळ पूर्ण या दोघांच्या सोळा वर्षांच्या संसाराला दिला. गेमला हे जमण्यासारखं नव्हतं, कारण तिथं आपण बहुतेक वेळ नायक जोएलची पाठ सोडू शकत नाही. शेवटाकडे पारडं फिरतं. जोएलनं वाटभर सांभाळून आणलेल्या एली या मुलीचा जीव घेऊन साथीवरची लस बनवू पाहणाऱ्या डॉक्टरला जोएल मारतो. मालिकेत ते आपण पाहतो आणि त्याला दोष देऊन मोकळे होतो. गेममध्ये बटण आपणच दाबावं लागतं. डॉक्टरला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. इतका शरमेचा वाटेकरी मला कुठल्या कादंबरीनं केल्याचं आठवत नाही.

रोज हजेरी लावली की बक्षीस देणारे, माणसाला गळाला लावणारे गेम आहेतच. त्यांची बाजू मी घेत नाही. पण रटाळ मालिका टीव्हीवर असतात आणि टुकार पुस्तकं छापखान्यातूनच बाहेर पडतात. तुलना करायची तर उत्तमाची उत्तमाशी करावी.

राहिला वाचनाचा मुद्दा. एस्टोनियाच्या रोबेर्त कुर्वित्सची कादंबरी २०१३ साली आली आणि आपटली. तेच जग घेऊन त्यानं मित्रांबरोबर २०१९ मध्ये 'डिस्को एलिसियम' हा गेम केला. त्यात लढाईचा पडदा नाही. सगळा खेळ संवाद वाचत, विचार करत पुढे न्यायचा, आणि मजकूर दहा लाख शब्दांच्या घरातला. ज्यांनी वर्षभरात कादंबरी उघडली नसेल अशांनीही तो रात्र-रात्र जागून वाचला. मग त्यांना मूळ पुस्तक हवं झालं. पण ते एस्टोनियन भाषेत. अखेर २०२३ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि ते कुणा प्रकाशकानं नव्हे, गेमच्या चाहत्यांनी केलं.